मास्तरांचं तळं

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते गाद्या विकत. पण गादीवर कसं निजावं हे ते गिऱ्हाइकाला इतक्या तळमळीनं समजावून सांगत, की दुकानातल्या पोरांनी त्यांचं नाव मास्तर ठेवलं आणि ते नाव हळूहळू घरापर्यंत आलं. बायकोसुद्धा त्यांच्या माघारी त्यांना मास्तरच म्हणायची. तोंडावर अर्थातच 'अहो'.

दुकान चांगलं ऐसपैस होतं. रस्त्याच्या बाजूनं सगळी काच, आत दोन्ही अंगांना पलंग मांडलेले, आणि प्रत्येक गादीच्या पायथ्याशी प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे गिऱ्हाइकाला बूट न काढता आडवं होता यावं. नवराबायको यायचे. एक जण आडवा व्हायचा, दुसरी पर्स सांभाळत उभी राहायची. आडवा झालेला माणूस भर बाजारात आपण निजलोय या लाजेनं फळीसारखा ताठ व्हायचा. मग मास्तर हात पाठीमागे बांधून त्याच्या उशाशी जायचे, जरा वाकायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "पाठ काय म्हणतेय?"

पाठ बिचारी काय म्हणणार! पण माणूस विचारात पडायचा. तेवढ्यात मास्तर डोंगर काढायचे.

"माझी पाठ बघा. राष्ट्रीय उद्यानातल्या वरच्या कठड्यापर्यंत चढून गेलेली पाठ आहे ही. अर्धी माणसं फाट्यावरूनच परत फिरतात, बरं का! वर पोचलात की खाली तळं. निळंशार! असं तळं, की ते बघून माणूस बोलायचा थांबतो."

मास्तर मात्र थांबत नसत. तळ्याला लागून ते थेट स्प्रिंगवर यायचे आणि स्प्रिंगवरून हप्त्यांवर. गादी खपायची. धंदा बरा चालला की तळ्यात बदकं यायची. एका साली दुकानात सर्वांत जास्त विक्री केली म्हणून मालकांनी त्यांना घड्याळ दिलं, तेव्हापासून तळ्याच्या मधोमध एक बेट आलं आणि बेटावर एकच एक झाड. साठीला टेकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना गिऱ्हाइकाला वाटायचं, हा गृहस्थ गेल्याच महिन्यात जाऊन आला असणार. मास्तर तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत. ते उद्यानात गेले होते ते लग्न नवं होतं तेव्हा, आणि त्यालाही आता तीसेक वर्षं होत आली होती. त्यानंतर त्यांनी चढलेली सर्वांत उंच गोष्ट म्हणजे दुकानाचा पोटमाळा.

मास्तरांच्या बायकोला हे सगळं पाठ होतं. ती एका लाँड्रीच्या काउंटरवर काम करायची. कपडे घ्यायचे, खिसे तपासायचे, चिठ्ठ्या टाचायच्या आणि डागांच्या कहाण्या ऐकायच्या. माणसं डागाबद्दल फार खोटं बोलतात. 'चहा सांडला हो,' म्हणतात, आणि शर्टाला भलताच वास येत असतो. तिला ते एका नजरेत कळायचं आणि ती तोंडातून ब्र न काढता चिठ्ठीवर 'चहा' लिहायची. नवऱ्याचं तळं वर्षागणिक पसरत चाललंय हेही तिला कळत होतंच. त्याचं तिला काही नव्हतं. विकणारा माणूस, थोडं वाढवून सांगायचाच. तिच्या मनात सल होता तो वेगळाच. त्या दिवशी उद्यानात ती स्वतः बरोबर होती, आणि तळं मात्र त्यानं एकट्यानं बघितलं होतं.

झालं होतं असं. नवीन लग्न. दोघं सकाळच्या बसनं उद्यानात गेले. चढण सुरू झाली आणि एका फाट्यावर आले. तिथं एक बाक होता. एक वाट सरळ फुलबागेकडे जायची आणि दुसरी वळण घेऊन वरच्या कठड्याकडे. ती बाकावर बसून चपलेचा बंद नीट करत होती. मास्तर म्हणाले, "येतो मी," आणि वळणाआड गेले.

आता 'येतो' म्हणजे काय? ती म्हणते, येतो म्हणजे परत येतो, तू थांब. मास्तर म्हणतात, येतो म्हणजे निघतो, तू ये मागून. "निघताना माणूस दुसरं काय म्हणणार?" हा त्यांचा मुद्दा. "'जातो' म्हणू? नव्या नवरीला 'जातो' म्हणू?" त्यावर तिचं म्हणणं असं, की नव्या नवरीला काहीच म्हणायचं नसतं, तिला बरोबर न्यायचं असतं. झालं, एवढ्या एका शब्दावर या घरात किती संध्याकाळी खर्ची पडल्या असतील याची गणतीच नाही. ती त्या बाकावर बसून राहिली होती, डबा न उघडता, ऊन पार दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत. मास्तर आले ते लालबुंद होऊन, घाम पुसत. आणि आल्या आल्या म्हणाले, "काय तळं आहे गं! तू यायला हवी होतीस."

यायला हवी होतीस! हे वाक्य तिनं त्यांना आजतागायत माफ केलेलं नव्हतं.

तर अशा या घरात जावई आला. मुलीनं स्वतःच शोधलेला, स्वभावानं गोड, विमा कंपनीत दिवसभर खुर्चीवर बसणारा. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं, ते त्याला मधूनमधून 'उठा' म्हणून सांगायचं आणि तो उठायचा. सासुरवाडीला जेवायला आला असताना त्यानं तळं ऐकलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यामुळे अगदी मनापासून ऐकलं, बेटासकट. आणि हात धुवून आल्यावर म्हणाला, "बाबा, रविवारी जाऊया ना आपण सगळे! तुम्ही वाट दाखवा."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. मग त्यांनी गुडघा काढला. गुडघा चालला नाही म्हणून आभाळ काढलं. "पावसाचं काही सांगता येत नाही बरं का, जावईबापू." जावयानं घड्याळात बघून सांगितलं, रविवारी लख्ख ऊन. मग मास्तरांनी दुकान काढलं, नवीन माल उतरवायचाय म्हणाले.

"रविवारी कुठलं दुकान?" बायको म्हणाली. "जायचंच. मला ते तळं बघायचंय. एकदा बघते आणि सोडून देते."

तिनं हे हसत सांगितलं, पण मुलीनं तिच्याकडे वळून बघितलं. आईला काही हवंय असं घरात सहसा ऐकू यायचं नाही.

रविवारी उद्यानाच्या फाटकापाशी मास्तर गाडीतून उतरले ते काठी घेऊन, आणि डोक्यावर कानटोपीपेक्षा जराशीच बरी अशी एक टोपी. जावई पायापासून डोक्यापर्यंत नवाकोरा. नवे बूट, नवी सॅक, सॅकमधून नळी काढून थेट तोंडापर्यंत आणलेलं पाणी. त्याला तहान लागायच्या आधीच पाणी तोंडाशी यायचं. मुलगी तिच्या रोजच्या बुटांत होती आणि आई लाँड्रीत दिवसभर उभं राहायला घालायची त्याच सपाट चपलांत.

मास्तर सगळ्यांच्या पुढे. "श्वास नाकानं घ्या. तोंडानं सोडा. पाऊल सगळं टेकवा." गादीवर निजायला शिकवणारा माणूस चालायला शिकवायला लागला की काय होतं, ते त्या दिवशी उद्यानातल्या बऱ्याच लोकांनी बघितलं. मास्तर ओळख ना पाळख अशा माणसांनाही सूचना देत होते. स्वतःला दम लागला की ते थांबायचे, आणि नुसतं थांबलं तर बरं दिसत नाही म्हणून काहीतरी दाखवायचे.

"हे झाड बघा. फार जुनं झाड."

"कुठलं झाड आहे, बाबा?" जावयानं विचारलं.

"जुनं," मास्तर म्हणाले आणि पुढं निघाले.

अशी पुष्कळ जुनी झाडं बघत मंडळी फाट्यावर आली. बाक तिथंच होता, फक्त रंग बदललेला. मास्तरांची बायको त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिला बसावंसं वाटेना. जावई मात्र मटकन बसला, बूट काढला, मोजा काढला आणि टाचेला आलेला भला थोरला फोड सगळ्यांना दाखवला. नव्या बुटांनी नवा जावई पुरता कापून काढला होता.

"अरेरे," मास्तर म्हणाले. असा आनंदी अरेरे क्वचितच ऐकायला मिळतो. "आता जावईबापूंना एकटं कसं सोडायचं? मी थांबतो. मी थांबतोच."

"बाबा, तुम्ही जा ना, मी बसतो," जावई म्हणाला.

"छे छे! मला काय, मी बघितलेलंच आहे." मास्तर त्याच्या शेजारी बसलेसुद्धा. लाँड्रीत डागाचं खोटं पचलं की गिऱ्हाइकाच्या तोंडावर एक सैलपणा येतो. तसला सैलपणा बायकोला मास्तरांच्या तोंडावर दिसला. गुडघ्याला चढ टळला म्हणून खूश झाले असतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मग मास्तर तिला म्हणाले, "खरं म्हणजे तूही कशाला जातेस? उगाच दगदग. बघण्यासारखं वर तळंच आहे, आणि ते मी सांगितलंय की सगळं."

हे ऐकल्यावर एखादी बाई काय करेल? तिनं पाण्याची बाटली उचलली. येते नाही, जाते नाही, काहीएक बोलली नाही. मुलीला म्हणाली, "चल गं."

वळण ओलांडलं आणि ती भराभर चढायला लागली. दम काही लागेना. चढ कसला डोंबलाचा! वळणापाशी एक सपाट मोठा दगड, त्यापुढे बांधून काढलेल्या पायऱ्या, हाताला लोखंडी दांडा. तिच्याहूनही वयानं मोठी एक बाई छत्री टेकत आरामात खाली येत होती, ती हसून म्हणाली, "जा जा, जवळच आहे." ती चढत गेली आणि तिला वाटत गेलं, एवढंच होतं तर मी का बसले? का बसले मी तिथं डबा मांडीवर घेऊन? मुलगी मागून 'आई, सावकाश' म्हणत होती आणि आई ऐकत नव्हती.

वर कठडा होता. लोखंडी, हिरवा, हात लागून लागून मधला रंग गेलेला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला आणि खाली बघितलं.

खाली झाडं होती. दरीभर झाडं, मग उतार, मग पुन्हा झाडं, आणि पार लांब शहर, त्यातल्या गोदामांची छपरं उन्हात चमकत असलेली. तिनं डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"आई," मुलगी म्हणाली, "तळं कुठंय?"

झाडाखाली उद्यानाचा रखवालदार पाय पसरून बसला होता. आईनंच त्याला विचारलं. तो म्हणाला, "तळं? इथं? बाई, आम्हाला प्यायचं पाणी खालून आणावं लागतं."

"पूर्वी असेल. आटलं असेल," ती म्हणाली. बघा, अजूनही ती त्यांच्या बाजूनं बोलत होती. जन्माची सवय.

"पूर्वीही नाही. एवढ्या उतारावर पाणी थांबेल कुठं?"

मुलीनं एकदा खाली बघितलं, एकदा आईकडे, आणि तोंडावर हात दाबला. "आई, बाबा इथं आलेच नाहीत! आई, बदकं! बेट!" ती कठड्याला धरून इतकी हसली की रखवालदार पाय आखडून उठला, पोरगी पडते की काय म्हणून.

आईला हसू आलं नाही. तिला राग आला, आणि भयंकर राग आला. इतकी वर्षं ती त्या तळ्यावर एखाद्या सवतीसारखी जळत आली होती. आपल्याला मागे ठेवून नवऱ्यानं काहीतरी अलौकिक बघितलं, आणि ते बघताना त्याला आपली आठवणसुद्धा झाली नाही, हे तिनं उराशी धरून ठेवलं होतं. भांडण झालं की ती मनातल्या मनात त्या बाकावर जाऊन बसायची. आणि सवत कुठे होतीच नाही! मग ऊन कलेपर्यंत हा माणूस होता कुठे? कशासाठी बसवलं होतं मला?

तिनं पुन्हा कठडा धरला आणि खाली बघितलं. वारा सुटला होता. मग केव्हातरी तिला दिसायला लागलं, की समोर जे आहे तेही काही कमी नाही. दरीवरून एक घार तरंगत गेली आणि तिची पाठ वरून दिसली. घारीची पाठ तिनं आयुष्यात कधी बघितली नव्हती. या घरातून इथवर पहिल्यांदा आलं ते आपण, हा विचार तिच्या मनात आला आणि रागाच्या भरातही तिला तो आवडला.

"खाली जाऊन सगळ्यांसमोर विचारूया," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "मज्जा येईल. बाबांचं तोंड बघायचंय मला."

"तू गप्प बस. माझं मी बघते."

खाली बाकावर जावयाची पाठ टेकलेली होती आणि मास्तर त्याला तळं सांगत होते. या दोघी येताना दिसल्या तसे मास्तर बोलायचे थांबले. माणूस बोलायचा थांबतो म्हणतात ते खरं होतं तर. त्यांच्या हातातली काठी उगीचच माती उकरायला लागली.

"आई, दिसलं का तळं?" जावयानं उत्साहानं विचारलं. "बाबा केव्हापासून सांगतायत."

मुलीनं श्वास आत घेतला. मास्तरांनी काठीकडे बघितलं. तोंडावरचा सगळा सैलपणा गेला होता, आणि टोपीखालचा तो चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. तिनं मनाशी जुळवून आणलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. जावयासमोर या माणसाला पार धुऊन काढता आलं असतं, आणि धुऊन काढणं हा तर तिचा रोजचा धंदा.

"दिसलं की," ती म्हणाली. "पण ह्यांनी सांगितलं तेवढं मोठं नाही."

मुलीला ठसका लागला. तिनं जावयाला उठवलं, त्याचा हात खांद्यावर घेतला आणि दोघं लंगडत उतरायला लागले. मास्तर जागचे हलले नाहीत. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. ते बायकोकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पडलं होतं. पोरं जरा पुढं गेल्यावर ते उठले आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागले.

"बदकं होती?" त्यांनी विचारलं.

"होती काही. मी मोजली नाहीत."

पुन्हा थोडं चालणं झालं. मग मास्तर थांबले. दाखवायला या वेळी झाडसुद्धा नव्हतं. आवाज एकदम उतरवून, गिऱ्हाइकाच्या पाठीची चौकशी करायचे तसे ते म्हणाले, "अगं, खरंच आहे का तिथं तळं?"

तीही थांबली. "कुठे होतात तुम्ही त्या दिवशी?"

मास्तरांनी मागे वळून काठी वर केली. "ते वळण. त्याच्या पलीकडे दगड आहे बघ, सपाट. तिथं उन्हात बसलो होतो."

"एवढा वेळ?"

"दम लागला गं. वळलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. नवीन लग्न. तुझ्यासमोर कसा परत येणार? म्हटलं, तू येशीलच मागून. 'येतो' म्हणालो होतो ना. तू आलीस की तुझ्या निमित्तानं सावकाश चढू. मी तुझी वाट बघत बसलो."

त्या दगडापासून बाक किती लांब? हाक मारली असती तर ऐकू आली असती. हाक कसली, ती नुसती खोकली असती तरी ऐकू आलं असतं. एका वळणाच्या अलीकडे नवी नवरी, पलीकडे नवा नवरा. ही म्हणतेय येईल, तो म्हणतोय येईल. आणि दोघांच्याही पोटात कावळे ओरडत असताना डबा बंद. तिला आधी हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा तिला पुन्हा राग आला. वेडा माणूस! हा वेडा माणूस आपल्याला सोडून कुठेही गेला नव्हता, आणि ही एवढीशी गोष्ट सांगायला त्याला तीस वर्षं लागली, तीही अख्ख्या तळ्यावरून वळसा घालून.

"हाक नाही मारता आली?" ती म्हणाली.

"लाज वाटली."

"आणि गिऱ्हाइकांना बेट सांगताना नाही वाटली?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. उगीच तिच्यावरची धूळ झटकली. पण विकणारा माणूस तो, फार वेळ गप्प कसा राहणार? एखाद्या पोरानं भीत भीत खाऊ मागावा तशा सुरात त्यांनी पुन्हा विचारलं, "पण मग तळं? आहे का ते? सांग ना."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"आहे," ती म्हणाली. "पण ते बघायला वर जावं लागतं."

आणि त्यांची वाट न बघता ती उतरायला लागली.